रविवारी अख्खी सर्व्हर रूम बंद करायची आहे: आधी काय, नंतर काय?

टेरीटॉवेल

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी आयटी सांभाळतो. येत्या रविवारी आमच्या ट्रान्सफॉर्मरचं तेल फिल्टर करायचं काम निघालंय. सकाळी ८ ते दुपारी ४ लाईट नाही. डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, आहे, पण त्याचा चेंजओव्हर त्याच पॅनलमध्ये असल्यामुळे त्या दिवशी तोही बंद. यूपीएस फार तर अर्धा-पाऊण तास तग धरेल. म्हणजे सगळं रीतसर बंद करायचं आणि संध्याकाळी रीतसर उभं करायचं. सोमवारी पहिल्या पाळीत बारकोड चालला नाही तर पॅकिंग थांबतं आणि न्हावा शेव्याला जाणारा कंटेनर दारात उभा राहतो.

आमच्याकडे काय आहे ते सांगतो. तीन होस्ट, म्हणजे ज्यांच्यावर व्हीएम (आभासी सर्व्हर) चालतात ती खरी मशीनं, प्रॉक्समॉक्स सॉफ्टवेअरने एका क्लस्टरमध्ये जोडलेली. एक सिनॉलॉजीचा नॅस, म्हणजे नेटवर्कवरचा साठवणुकीचा डबा, बहुतेक व्हीएमच्या डिस्क त्याच्यावर, एनएफएसने (नेटवर्कवरून फाइल वापरायची पद्धत) जोडलेल्या. दोन डोमेन कंट्रोलर (डीसी), म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणारे सर्व्हर, नावावरून पत्ता काढणारा डीएनएस त्या दोघांवर, मशीनना पत्ते वाटणारा डीएचसीपी पहिल्यावर. ईआरपीचा, म्हणजे कारखान्याच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरचा, डेटाबेस पोस्टग्रेस, त्याचं ॲप वेगळ्या व्हीएमवर. बारकोडचा सर्व्हर, टॅली, फाइल सर्व्हर, पंचिंगचं सॉफ्टवेअर, जॅकार्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा लायसन्स सर्व्हर, बॅकअप, आणि सगळे पासवर्ड व नोंदी ज्यात आहेत तो विकी. फायरवॉल मात्र वेगळा डबा आहे. ईआरपीच्या डेटाबेसला आणि ॲपला एचए लावलेलं आहे, म्हणजे एक होस्ट पडला तर ते दुसऱ्यावर आपोआप उठतात.

ही मांडणी माझ्या आधीच्यांनी केलेली, कागदपत्र काहीच नाही. हे सगळे एकमेकांवर अवलंबून आहेत एवढं कळतं. क्रम कसा ठरवायचा? आणि सुरू करताना मध्येच काही अडलं तर कुठे बघायचं?

सातरस्ता

एवढं काय त्यात? प्रत्येक होस्टवर जाऊन शटडाऊन दाबा. प्रॉक्समॉक्स स्वतःच आतल्या व्हीएमना आधी बंद व्हायला सांगतो, मग स्वतः बंद होतो. व्हीएमच्या ऑप्शनमध्ये क्रमांक टाकायची सोय आहे. लहान क्रमांक आधी सुरू होतो, बंद होताना त्याच्या उलट. आमच्याकडे असंच चालतं.

भुईकोट

सातरस्ता, तुमच्याकडे एकच होस्ट आणि डिस्क त्याच्यातच असतील, तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. टेरीटॉवेल यांच्याकडे तीन होस्ट आणि सामाईक नॅस आहे. तो क्रमांक फक्त एकाच होस्टवरच्या व्हीएममध्ये चालतो, क्लस्टरभर नाही. डेटाबेस पहिल्या होस्टवर आणि ॲप तिसऱ्यावर असेल तर पहिल्याला तिसऱ्याची काही खबर नसते. आणि एचए लावलेल्या व्हीएमना तर तो क्रम लागूच होत नाही. व्हीएमवेअरमध्येही साधारण असंच आहे: होस्टच्या पातळीवरचा ऑटोस्टार्ट एचए क्लस्टरमध्ये चालत नाही, तिथे रीस्टार्टची प्राधान्यं आणि व्हीएम-व्हीएममधले अवलंबित्वाचे नियम वेगळे लावावे लागतात. हे अवलंबित्वाचे नियम त्यांच्या वीस्फिअर ६.५ पासून आले.

टेरीटॉवेल, क्रम विचारायच्या आधी एक मोठा कागद घ्या. प्रत्येक व्हीएमचं नाव लिहा आणि त्यापुढे एकच प्रश्न: हिला चालायला कोण लागतं? ईआरपीला डेटाबेस लागतो हे शिपायालाही ठाऊक असतं, त्यावर कोणी अडकत नाही. अडतं ते न दिसणाऱ्या गाठींवर. नावावरून पत्ता कोण काढून देतं? लॉगिन कोण तपासतं? घड्याळ कोणाकडून जुळतं? शेअर केलेलं फोल्डर कोणाचं? लायसन्स कोण देतं? सर्व्हिस कुठल्या युजरच्या नावाने सुरू होते, लोकल की डोमेनच्या? शेवटच्या प्रश्नावर बरेच जण घसरतात. विंडोजवर एखादी सर्व्हिस डोमेन खात्यावर चालत असेल आणि मशीन उठताना डोमेन कंट्रोलर जागेवर नसेल, तर लॉगऑन फेल होऊन ती सर्व्हिस पडून राहते. मशीन वर दिसतं, पिंग लागतो, काम मात्र होत नाही.

हे बाण काढून झाले की बंद करायचा नियम सरळ आहे: वापरणारा आधी, पुरवणारा शेवटी. सुरू करताना उलट. तुमच्या वर्णनावरून बंद करण्याचा क्रम साधारण असा निघतो. आधी माणसं बाहेर काढा. म्हणजे ईआरपीतून सगळे लॉगआउट, टॅलीच्या कंपन्या बंद, बॅकअपचं आणि रात्रीचं कुठलंही शेड्यूल थांबवलेलं. मग ज्यांच्यावर कोणीच टेकलेलं नाही ते: पंचिंग, बारकोड, लायसन्स, टॅली. त्यानंतर ईआरपीचं ॲप. ॲप पूर्ण बंद झाल्याची खात्री करून मगच पोस्टग्रेस. मग फाइल सर्व्हर, बॅकअप, विकी. सगळ्यात शेवटी दोन्ही डोमेन कंट्रोलर. व्हीएम संपल्या की होस्ट, होस्ट संपले की नॅस, नॅस थांबला की स्विच आणि फायरवॉल.

ॲपच्या आधी डेटाबेस बंद करू नका एवढ्यासाठी की अर्धवट व्यवहार तिथे लटकतात. पोस्टग्रेस ९.५ पासून मूळ सेटिंगमध्ये 'फास्ट' पद्धतीने बंद होतो, म्हणजे चालू जोडण्या तोडतो, अर्धे व्यवहार मागे घेतो आणि चेकपॉइंट करून, म्हणजे सगळा डेटा डिस्कवर उतरवून, थांबतो. डेटा सुरक्षित राहतो. पण ॲप त्या वेळी कुठली फाइल लिहीत होतं किंवा बारकोडला काय उत्तर देत होतं, त्याची जबाबदारी पोस्टग्रेस घेत नाही.

आता एचए. हे रविवारच्या आधी वाचाच. तीन होस्टच्या क्लस्टरमध्ये कोरमसाठी, म्हणजे बहुमतासाठी, दोन लागतात. तुम्ही पहिला होस्ट बंद केलात की एचए त्याच्यावरचा डेटाबेस दुसऱ्या होस्टवर उठवायला बघेल. दुसरा बंद केलात की कोरम जाईल, आणि तिसऱ्यावर एचएची व्हीएम चालू असेल तर वॉचडॉग (होस्टवर नजर ठेवणारा टायमर) त्या होस्टला मध्येच रीसेट मारेल. म्हणून आधी त्या दोन्ही व्हीएमची एचएमधली स्थिती 'स्टॉप्ड' करा, त्यांना नीट बंद होऊ द्या, आणि मग होस्टला हात लावा.

शेंगाचटणी

भुईकोट यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. धागा साठवून ठेवला.

कंबरतलाव

नॅस शेवटी का, याचं कारण ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळतं. एनएफएस 'हार्ड' माउंट असेल, आणि बहुतेक ठिकाणी तेच असतं व तेच बरोबर आहे, तर नॅस आधी गेल्यावर त्याच्याकडे काही मागणारी प्रत्येक प्रक्रिया थांबून राहते. चूकसुद्धा दाखवत नाही. होस्टला शटडाऊन सांगितलं तर तोही माउंट सोडवायच्या नादात तिथेच ताटकळतो. शेवटी माणूस कंटाळून बटण दाबून धरतो, आणि जे टाळायचं होतं तेच होतं.

दुसरी गोष्ट. प्रॉक्समॉक्समध्ये नॅसचा पत्ता नावाने टाकलाय की आकड्यांनी, ते आजच बघा. नावाने टाकला असेल तर ते नाव सोडवणार डीएनएस, डीएनएस डोमेन कंट्रोलरवर, आणि डोमेन कंट्रोलरची डिस्क नॅसवर. संध्याकाळी हे वर्तुळ कोणीच फोडू शकणार नाही. एकतर आयपी टाका, नाहीतर तिन्ही होस्टच्या होस्ट्स फाइलमध्ये नोंद करा. होस्ट, नॅस, स्विच यांचे आयपी स्थिर हवेत, डीएचसीपीवर अजिबात नको.

टेरीटॉवेल

बघितलं. नॅस नावानेच जोडलेला निघाला. तिन्ही होस्टच्या फाइलमध्ये नोंद केली. कंबरतलाव, मनापासून आभार.

विकीबद्दल विचारायचं राहिलं. पासवर्ड सगळे त्यातच आहेत.

होटगीरोड

मग आधी ते कागदावर उतरवा. मी एका रुग्णालयाची सिस्टीम बघते, तिथे ही माझी पहिली अट असते. होस्टचा रूट पासवर्ड, नॅसचा ॲडमिन, स्विच, फायरवॉल, डोमेनचा ॲडमिन आणि प्रत्येक विंडोजचा लोकल ॲडमिन, सगळे आयपी, आणि बंद-चालू करायचा क्रम. हे छापून बंद पाकिटात, एक प्रत तुमच्याकडे आणि एक मालकांच्या कपाटात. सगळं बंद असताना विकी उघडणार नाही, डोमेनचं लॉगिन चालणार नाही, व्हीपीएनही लागणार नाही. त्या वेळी हातात कागदच असतो. लोकल पासवर्ड टाकून एकदा खरंच लॉगिन करून बघा. नुसता लिहिलेला पासवर्ड बरोबर आहे असं धरून चालू नका.

डोमेन कंट्रोलरबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण संध्याकाळचा निम्मा वेळ तिथेच जातो.

दोन्ही डीसी बंद होते आणि तुम्ही एकच उठवलात, तर तो जोडीदाराशी पहिलं सिंक व्हायची वाट बघत बसतो. तोवर डीएनएस सेवा तयार होत नाही. इव्हेंट लॉगमध्ये ४०१३ क्रमांकाची नोंद दिसते: ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं, म्हणजे डोमेनच्या नोंदींचं, पहिलं सिंक पूर्ण व्हायची डीएनएस वाट बघतोय, असा तिचा अर्थ. माणसं घाबरून रीबूट मारतात आणि तो बिचारा पुन्हा पहिल्यापासून वाट बघायला लागतो. थांबा. दुसरा डीसी लगेच पाठोपाठ लावा आणि दोघांना वेळ द्या. नेटवर्क कार्डात पहिला डीएनएस जोडीदाराचा आणि दुसरा स्वतःचा, असं दोघांवर असावं.

जमत असेल तर एका डीसीची डिस्क नॅसवरून काढून होस्टच्या आतल्या डिस्कवर हलवा. मग नॅस रुसला तरी डीएनएस आणि लॉगिन जिवंत राहतं.

डीसीला कधीही 'सेव्ह' किंवा 'सस्पेंड' करू नका, नेहमी पूर्ण शटडाऊन. हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचं व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या. तिथे होस्ट बंद होताना व्हीएमचं काय करायचं याचं मूळ सेटिंग 'सेव्ह' असतं. आणि बंद करायच्या आधी 'असू दे म्हणून' डीसीचा स्नॅपशॉट काढून नंतर त्यावर परत जाणं तर नकोच. दोन्ही डीसींच्या नोंदींचा ताळमेळ त्याने बिघडतो. विंडोज सर्व्हर २०१२ पासून त्यावर संरक्षण आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

शेवटचं, घड्याळ. कर्बेरोसला, म्हणजे डोमेनच्या लॉगिन तपासणीला, मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. होस्टची सीमॉस बॅटरी, म्हणजे वीज नसताना घड्याळ चालवणारी, संपलेली असेल तर आठ तासांनी तो भलतीच तारीख घेऊन उठेल, डीसी त्याच्याकडून वेळ उचलेल आणि सगळ्यांची लॉगिनं नाकारली जातील. होस्ट उठल्यावर व्हीएमला हात लावायच्या आधी तारीख-वेळ बघा.

बाळीवेस

ताई, सीमॉस बॅटरीचा मुद्दा लाखमोलाचा. यात आणखी एक भर. स्विच बंद करायच्या आधी त्याची चालू कॉन्फिगरेशन सेव्ह आहे का ते बघा. चालू असलेली आणि सुरुवातीला वाचली जाणारी, या दोन वेगळ्या असतात. कोणीतरी कधीतरी व्हीलॅन (नेटवर्कची आतली वाटणी) बदलून सेव्ह न करता निघून गेलेला असतो. वर्षानुवर्षं वीज गेलीच नाही म्हणून ते चालत राहतं, आणि स्विच पहिल्यांदा बंद-चालू झाला की निम्मं नेटवर्क गायब.

हेच व्हीएमचंही. ज्या मशीनला वर्षभर रीबूट नाही, ती रविवारी पहिल्यांदा उठणार आणि त्याच दिवशी बाकी दहा गोष्टीही उठणार. काय कशामुळे अडलं, ते शोधणार कसं? म्हणून या आठवड्यात रोज रात्री एक-दोन व्हीएम एकेकट्या रीबूट करून घ्या. जे अडायचं ते एकटं अडेल आणि लगेच सापडेल. विंडोजचे राहिलेले अपडेट त्यातच उरकतील, नाहीतर रविवारी सकाळी शटडाऊन दाबल्यावर ते अपडेट बसवत बसेल आणि वायरमन दारात उभा राहील.

जुना नॅस असेल तर डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे तिच्या तब्येतीचा, काढा. वर्षानुवर्षं फिरणारी डिस्क एकदा थांबून गार झाली की पुन्हा फिरेलच याची खात्री नसते. एक सुटी डिस्क हाताशी ठेवा. आणि शनिवारी रात्रीचा बॅकअप नॅसबाहेर असू द्या, त्यातली एखादी व्हीएम खरंच परत उठते का तेही बघून ठेवा.

पूर्वभाग

एक शंका. शटडाऊन दाबलं की व्हीएम खरंच आतून नीट बंद होते का? आमच्याकडे एक-दोन व्हीएम कितीही वेळ गेला तरी बंद होत नाहीत, मग स्टॉप दाबावं लागतं.

भुईकोट

पूर्वभाग, स्टॉप म्हणजे वायर उपटणं. शटडाऊनमध्ये आतल्या सिस्टीमला निरोप जातो आणि ती आपलं आवरून बंद होते. तो निरोप एकतर एसीपीआयने जातो, म्हणजे पॉवरचं बटण हलकेच दाबल्यासारखा, नाहीतर आत बसवलेल्या गेस्ट एजंटकडून. तुमच्या त्या व्हीएमच्या सेटिंगमध्ये एजंट चालू असल्याची खूण असेल आणि आत मात्र एजंट बसवलेलाच नसेल, असं बऱ्याचदा निघतं. मग प्रॉक्समॉक्स एजंटच्या उत्तराची वाट बघतो आणि शेवटी वेळ संपल्याचं सांगतो. एजंट बसवा किंवा ती खूण काढा.

व्हीएमसाठी प्रॉक्समॉक्सची मूळ मुदत १८० सेकंद आहे. मोठ्या डेटाबेसला ती अपुरी पडू शकते, म्हणून व्हीएमनिहाय वाढवून ठेवा. लिनक्समध्ये आतल्या सर्व्हिसला सिस्टमडी साधारण ९० सेकंद देतो आणि मग मारून टाकतो. डेटाबेसच्या सर्व्हिसची ती मुदतही तपासा. बाहेरची मुदत आतल्या मुदतीपेक्षा मोठीच हवी.

टेरीटॉवेल

सुरू करताना प्रत्येकाच्या मध्ये किती मिनिटं थांबू? पाच पुरतील?

भुईकोट

मिनिटं मोजू नका. मला या धाग्यात सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हेच. 'पाच मिनिटं थांबा' हा भरवसा नाही, अंदाज आहे. एखाद्या दिवशी डिस्क तपासणी चालू होते, डेटाबेस रिकव्हरीत असतो, डीसी सिंकची वाट बघत असतो, आणि पाच मिनिटांनी तुम्ही त्याच्यावर पुढची वीट ठेवता. पुढची अर्धवट उठते, तिच्यावरची तिसरी अर्धवट उठते. तासाभराने काहीतरी चालत नाही म्हणून फोन येतो तेव्हा मुळाशी काय होतं ते शोधायला तीन थर उकरावे लागतात.

त्याऐवजी प्रत्येक पायरीला एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर 'हो' आल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि तो प्रश्न पिंगचा नको. पिंगला उत्तर येतं म्हणजे नेटवर्क कार्ड जागं आहे, त्यापलीकडे काही कळत नाही. पोर्ट उघडा आहे म्हणजेही काम होतंय असं नाही. जे काम पुढच्या मशीनला याच्याकडून करून घ्यायचंय, तेच आपण करून बघायचं. स्विचनंतर: एका लॅपटॉपवरून नॅस आणि तिन्ही होस्टपर्यंत पोचता येतं का. नॅसनंतर: रेड (डिस्कचा गट) निरोगी दाखवतोय का, शेअर खरंच उघडतो का. होस्टनंतर: कोरम आहे का, वेळ बरोबर आहे का, नॅसचं स्टोरेज हिरवं आहे का आणि त्यातली फाइल दिसते का. डीसीनंतर: आतलं एक नाव आणि बाहेरचं एक नाव सुटतं का, आणि एखाद्या साध्या युजरने लॉगिन होतं का. पोस्टग्रेसनंतर: ईआरपीच्याच युजरने जोडून एका टेबलातून एक ओळ वाचता येते का. ॲपनंतर: एक जुनं चलन उघडून बघा. बारकोडनंतर: एक लेबल छापा आणि स्कॅनरने वाचा.

हे प्रश्न तुमच्या कागदावर क्रमाशेजारी लिहा. घाईत डोकं चालत नाही, कागद चालतो.

प्रॉक्समॉक्सचं 'बूटला आपोआप सुरू' हे रविवारपुरतं सगळ्या व्हीएमचं काढून ठेवा, म्हणजे होस्ट उठला की व्हीएम आपल्या मनाने धावत सुटणार नाहीत. काम झालं की पुन्हा लावा, ही ओळही कागदावर हवी. नेहमीसाठी नॅस उशिरा उठत असेल तर नोडच्या सेटिंगमध्ये सुरुवातीचा विलंब टाकता येतो, ३०० सेकंदांपर्यंत.

सातरस्ता

पटलं. आमच्याकडे पुढच्या महिन्यात दुसरा होस्ट येतोय. हा कागद आत्ताच करून ठेवतो.

टेरीटॉवेल

मंडळी, रविवार पार पडला. सोमवारची पहिली पाळी वेळेवर सुरू झाली, कंटेनरही गेला. जे झालं ते पुढच्यांच्या उपयोगासाठी लिहितो.

बंद करताना सगळं कागदाप्रमाणे गेलं. एचए आधी थांबवल्यामुळे होस्ट शांतपणे बंद झाले. आठवड्यात एकेक रीबूट केल्याचा फायदा शब्दात सांगता येणार नाही. लायसन्स सर्व्हरची सर्व्हिस हाताने सुरू करावी लागते हे बुधवारीच कळलं, रविवारी कळलं असतं तर डिझाइनवाले सोमवारी बसून राहिले असते.

सुरू करताना डीसीने भरपूर वेळ घेतला. लॉगमध्ये ४०१३ दिसली. होटगीरोड ताईंचं वाक्य आठवून हात मागे घेतला, दुसरा डीसी लावला आणि थांबलो. दोघेही उठले.

एका ठिकाणी मात्र खरोखर अडलो. फाइल सर्व्हर उठला, आतून सगळं चालू, पण कुठल्याच पीसीवरून शेअर उघडेना. भुईकोट यांनी सांगितल्यासारखा 'काम करून बघा' हा प्रश्न विचारला म्हणून रविवारीच सापडलं. त्यावर उपाय काय केला ते खाली होटगीरोड ताईंनाच लिहायला सांगतो, फोनवर त्यांनीच सोडवलं.

होटगीरोड

त्यात माझं काही विशेष नाही, हे विंडोजमध्ये बरेचदा दिसतं. सर्व्हर उठताना डोमेन कंट्रोलर गाठता आला नाही, तर विंडोज त्या नेटवर्कला 'डोमेन' न समजता 'पब्लिक' समजतो. मग फायरवॉलचे पब्लिकचे कडक नियम लागतात आणि शेअर, रिमोट डेस्कटॉप सगळं बाहेरून बंद. नेटवर्क कार्ड एकदा डिसेबल करून एनेबल केलं की तो पुन्हा ओळख पटवतो आणि डोमेनवर येतो. कन्सोलवरून करा, रिमोटवरून केलंत तर स्वतःच बाहेर पडाल. डीसी उठले होते, पण फाइल सर्व्हर सुरू झाला त्या क्षणी त्यांची डीएनएस सेवा अजून तयार झालेली नव्हती. त्यामुळे डीसीच्या प्रश्नात 'फाइल सर्व्हरच्याच नेटवर्कमधून डोमेनचं नाव सुटतं का' हे वाढवा. प्रत्येक विंडोज सर्व्हर उठल्यावर नेटवर्कची ओळख काय दाखवतोय, तेही कागदावर घ्या.

शेंगाचटणी

टेरीटॉवेल, अभिनंदन! पण हे ठरवून केलेलं झालं. मे महिन्यात वळीव आला की एमआयडीसीत लाईट सांगून जात नाही. त्या वेळी रात्री दोन वाजता कागद कोण वाचणार?

बाळीवेस

बरोबर प्रश्न. तोच क्रम यूपीएसला शिकवावा लागतो. त्यासाठी एनयूटी हे यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर वापरा, मोफत आहे आणि बहुतेक यूपीएसशी बोलतो. सिनॉलॉजीच्या आतही तोच आहे. यूपीएसची यूएसबी वायर नॅसला लावा, कारण तो शेवटी बंद होणार. त्याच्या यूपीएस सेटिंगमध्ये नेटवर्क सर्व्हर चालू करून परवानगीच्या यादीत तिन्ही होस्टचे पत्ते घाला. होस्ट त्याच्याकडून यूपीएसची खबर ऐकतील. मधला स्विचही यूपीएसवरच हवा, नाहीतर लाईट गेली की खबर पोचणारच नाही.

इथे एक खाच आहे. बॅटरी संपत आली की मुख्य मशीन बाकीच्यांना बंद व्हा म्हणून सांगतं, पण त्यांच्यासाठी मूळ सेटिंगमध्ये १५ सेकंदच थांबतं. तुमच्या व्हीएम बंद व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागणार. त्यामुळे होस्टनी बॅटरी संपायची वाट बघायची नाही. लाईट जाऊन ठरावीक वेळ झाली आणि परत आली नाही, की एनयूटीच्या टायमरने होस्टवर तुमची स्क्रिप्ट चालू व्हावी: एचए थांबव, ॲप बंद, डेटाबेस बंद, बाकीच्या, मग डीसी, मग होस्ट. रविवारी तुम्ही हे हाताने केलंत तेव्हा किती वेळ लागला तो आकडा तुमच्याकडे आहेच. यूपीएसचा खरा बॅकअप त्याच्या दुपटीने असेल तर निश्चिंत राहा.

टेरीटॉवेल

आणि स्क्रिप्ट चालू झाल्यावर मध्येच लाईट आली तर?

बाळीवेस

तर थांबवायचं नाही. बंद पूर्ण होऊ द्यायचं. अर्धी मशीन बंद आणि अर्धी चालू, ही सगळ्यात वाईट अवस्था. पण मग अडचण अशी की लाईट आलेली असल्यामुळे यूपीएसचा पुरवठा तुटलेलाच नाही, आणि बायोसमध्ये 'वीज आल्यावर चालू हो' सेटिंग असलं तरी होस्टच्या दृष्टीने वीज गेलीच नव्हती, म्हणून तो बंदच पडून राहतो. त्यासाठी शेवटी यूपीएसला स्वतःचं आउटपुट बंद करून थोड्या वेळाने परत द्यायला सांगायची सोय असते, ती चालू करा.

वळवाच्या दिवसांत लाईट पाच मिनिटं येते, परत जाते. रिकाम्या बॅटरीवर सगळं उठायला लागलं आणि पुन्हा लाईट गेली तर बंद करायलाही जोर उरत नाही. बऱ्याच यूपीएसमध्ये परत सुरू होण्याआधी बॅटरी किती टक्के भरलेली हवी हे ठरवता येतं. शटडाऊनला जेवढी लागते त्याहून वर ठेवा.

आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात बॅटरीच्या डब्यावर लिहिलेल्या आयुष्यावर विश्वास ठेवू नका. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या हिशेबाने दिलेलं असतं. त्यावर दर ८-१० अंशांना ते साधारण निम्मं होतं. एसी नसलेल्या पॅसेजमध्ये यूपीएस ठेवला असेल तर मार्च संपायच्या आत खऱ्या लोडवर एकदा बॅकअपची वेळ मोजून घ्या.

टेरीटॉवेल

यूपीएस पॅसेजमध्येच आहे. उद्या इलेक्ट्रिशियनला घेऊन जागा बघतो. होस्टवरची स्क्रिप्ट लिहून झाली की इथेच टाकतो, कृपया नजर घाला.

भुईकोट

टाका. चाचणी घेताना खरा मेन स्विच पाडू नका. आधी स्क्रिप्टला कृती न करता फक्त काय करणार ते छापायला लावा, आणि तिन्ही होस्टवर एकाच वेळी ती धावली तर एचएची आणि ॲपची पायरी तीनदा होणार नाही ना, ते बघा. ती पायरी एकाच होस्टकडे द्या, बाकीच्या दोघांनी आपापल्या व्हीएम संपेपर्यंत थांबायचं. आणि डेटाबेसच्या होस्टने ॲपची व्हीएम बंद झाल्याचं क्लस्टरला विचारूनच पुढे जायचं.